माय धरून पाच

बेरीज मुलं घरूनच घेऊन येतात. वजाबाकीही. हातातली एक गोळी तोंडात गेली की हातातली एक कमी होते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गुणाकार पाढ्यांच्या पाठीवर बसून येतो. भागाकार मात्र शाळेनेच शिकवायचा असतो, असं मला नोकरीतली बरीच वर्षं वाटत होतं.

तिसरीचा वर्ग मी इतका काळ सांभाळला की शाळेत माझं नावच 'तिसरीच्या बाई' पडलं होतं. आता निवृत्त झाले, तरी सुरतेच्या गोडादऱ्याच्या बाजारात भाजी घेताना एखादा दाढीमिशांचा बाप्या मध्येच वाकून पाया पडतो आणि बरोबरच्या बायकोला सांगतो, "ह्या आमन्या तिसरीन्या बाई." मी म्हणते, "हो रे बाबा, तू पुढे गेलास, मी मात्र तिसरीतच राहिले." बायको हसते, तो लाजतो, आणि मी दोडक्याचा भाव करायला लागते.

आमची शाळा महानगरपालिकेची. एकाच इमारतीत खाली हिंदी, वर मराठी आणि मागच्या बाजूला गुजराती. गुजरातीतल्या त्या 'बेन', हिंदीतल्या 'मॅडम' आणि आम्ही 'बाई'. खालून 'दो दूनी चार' वर यायचं, वरून आमचं 'बे दुणे चार' खाली जायचं, आणि या सगळ्याच्या मागे गल्लीतल्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट अखंड चालू असायची. त्या खटखटीच्या वरताण बोलायची इतकी सवय झाली की घरी साधं 'चहा घ्या' म्हटलं तरी आमचे हे दचकायचे. अजूनही दचकतात. नवीन लागलेल्या शिक्षिकेला पहिल्या महिन्यात घसा बसायचा, दुसऱ्या महिन्यात तिला आवाज फुटायचा, आणि तिसऱ्या महिन्यात ती आमच्यातली व्हायची.

मुलं बहुतेक खानदेशातली. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्री. काही मराठवाड्यातली आणि विदर्भातली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि वर्गात आल्यावर पुस्तकातली मराठी. एका दिवसात चार भाषांत फिरणारी ही पोरं, आणि तपासणीला येणारे साहेब त्यांना म्हणायचे, "भाषा कच्ची आहे." माझा पारा चढायचा. पण साहेबांपुढे चढलेला पारा उतरवूनच ठेवावा लागतो, म्हणून तो मग संध्याकाळी घरी जाऊन आमच्या ह्यांच्यावर उतरायचा.

गणिताच्या पेटीतले मणी माझ्या आधीच्या कुठल्या तरी बाईंच्या काळातच संपले होते. आमच्याकडे मोजायला होत्या बॉबिन. धागा संपलेल्या, रिकाम्या, प्लॅस्टिकच्या. कुणाचा बाप लूमवर, कुणाचा काका, कुणाचा मामा. वर्षाच्या सुरुवातीला मी सांगायचे, "फुटक्या, टाकाऊ बॉबिन मिळाल्या तर आणा," आणि आठवड्याच्या आत टेबलाखाली गोणी भरायची. लाल, हिरव्या, मळक्या पांढऱ्या. काहींवर शेवटचा धागा गुंडाळलेला असायचा. तो सोडवत बसायचा नाद मुलांना असा लागायचा की गणित बाजूला राहायचं आणि वर्गभर जरीचे केस पसरायचे. तेलाचा आणि नव्या कापडाचा वास त्या गोणीला होता. आजही साडीचं नवं पाकीट फोडलं की मला आधी ती गोणी आठवते, साडी मागून दिसते.

भागाकार मी असा शिकवायची. चार मुलांना गोल बसवायचं. पाचव्याच्या हातात बॉबिन द्यायच्या आणि सांगायचं, "वाट." तो एकेक देत जाई. सगळ्यांना एकेक मिळाली की झाली एक फेरी. मग दुसरी फेरी. फेरी अर्धी सोडायची नाही, हा नियम. एकाला दिली आणि दुसऱ्याला पुरली नाही, तर ती फेरी परत घ्यायची. जे हातात उरलं ती बाकी. असं चांगलं आठवडाभर वाटून झालं की मग फळ्यावर त्याचं चित्र. मधे भाज्य, डावीकडे कंसाबाहेर भाजक, उजवीकडे भागाकार, तळाशी बाकी. पोरं ओरडायची, "बाकी भाजकापेक्षा लहान!" आणि काहीच उरलं नाही की मी खडू आपटून म्हणायची, "निःशेष!" हा शब्द पोरांना भारी आवडायचा. डबा संपला की निःशेष, पेन्सिल संपली की निःशेष. एकदा खालच्या नळाचं पाणी गेलं, तर एक जण जिना चढत ओरडत आला, "बाई, पाणी निःशेष!"

एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. अंगाने काडी, डोळे मोठे, दोन वेण्या लाल रिबिनीत. गप्प बसायची, पण मंद नव्हती. कविता एकदा ऐकली की पाठ. बाप आणि काका दोघंही लूमवर, एकाच खोलीत सगळे राहत. आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करी. त्या डिंकाचा एखादा थेंब आणि एखादी चमचमती टिकली पोरीच्या मनगटाला चिकटलेली दिसायची, म्हणजे पोर शाळेतून गेली की आईला हातभार लावत होती हे कळायचं. धाकटा भाऊ पहिलीत, आमच्याच शाळेत.

गणपती उठल्यावर एका दुपारी तिचा बाप वर्गाच्या दाराशी आला. चपला बाहेर काढून, अंगणातून देवळात यावं तसा आत आला. म्हणाला, "बाई, दिवाळीले गाव जासूत. पोरले तठेच ठेवानं म्हनतस."

त्याच्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या आत्याला, लहान बाळ झालेलं. आत्या शेतात जाणार, बाळाजवळ कुणीतरी हवं.

"आणि शाळा?" मी विचारलं.

"पाहसूत तठे." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "तिले काही येत नही, बाई. मी सोता इचारं. बारा भाकरी चार जनले वाट म्हनं, ते म्हने दोन-दोन. अन् बाकी? ते म्हने चार! धाकल्याले बी समजस एवढं."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत मुलीची कीव होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रागावलेल्या बापाशी भांडता येतं, कीव करणाऱ्या बापाशी काय भांडणार? तरी मी भांडलेच. "तुम्ही कोण ठरवणार तिला येत नाही ते? वर्गात मी आहे ना? दिवाळीच्या आधी परीक्षा आहे. तिला भागाकार आला, तर पोरगी सुरतेत राहील आणि माझ्या वर्गात बसेल. नाही आला, तर खुशाल न्या. बोला."

त्याने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चालशे, बाई." बाराव्या वर्षी सुरतेत आलेल्या माणसाच्या तोंडी करार करताना गुजराती आपोआप येते.

तो गेल्यावर शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, "अहो, पैज काय लावून बसलात पोरीवर?" मी म्हटलं, "लावली खरी." पोरीने हे सगळं बाकावर बसून ऐकलं होतं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवायला लागले. आणि चक्रावूनच गेले. चौदा बॉबिन चौघांत वाटायला दिल्या. तीन-तीन वाटल्या, बाकी दोन. बरोबर. सतरा पाचांत? तीन-तीन, बाकी दोन. बरोबर. म्हटलं, अरे, हिला तर येतंय! मग बारा चौघांत. दोन-दोन, बाकी चार. चूक. पंधरा पाचांत? दोन-दोन, बाकी पाच. आठ दोघांत? तीन-तीन, बाकी दोन.

अवघड गणितं बरोबर आणि सोपी चूक, असं मूल मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाकी उरणारी गणितं आली की बाकीची पोरं गडबडत. ही तिथे नेमकी बरोबर. आणि निःशेष भाग जाणारं गणित, जे ढातला ढ मुलगाही करी, तिथे ही शेवटची फेरी वाटायचीच नाही. उरलेल्या बॉबिन फ्रॉकच्या ओच्यात घट्ट धरून बसायची.

"बाकी भाजकापेक्षा कशी असते?" मी विचारी.

"लहान," ती म्हणे. नियम तोंडपाठ.

"मग ही चार कशी उरली?"

ती ओच्यातल्या बॉबिन परत मोजायला लागे.

मी रागावले, समजावलं, परत रागावले. नियम पाटीवर लिहून घेतला. ती मान डोलवी आणि पुढच्या निःशेष गणिताला परत ओचा घट्ट. दिवस सरत होते. दसरा झाला, पोरं आपट्याची पानं माझ्या टेबलावर टाकून गेली, तीही टाकून गेली. गल्लीत दिवाळीचं बोलणं सुरू झालं, कारखाने कधी बंद होणार, गाडीची तिकिटं मिळणार की नाही. त्यातलं एक तिकीट माझ्या बोलण्यावर अडकलेलं होतं.

शाळेत मी पुस्तकातलीच मराठी बोलायची. मुलांची भाषा सुधारावी म्हणून तसा शिरस्ताच होता. अहिराणी माझीही घरची, माहेरची, पण ती मी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येत असे. त्या दिवशी मधली सुट्टी संपत आली होती, खाली खिचडीची भांडी वाजत होती, आणि पोरगी पुन्हा चार बॉबिन ओच्यात धरून बसलेली. मी इतकी थकले होते की तोंडातून आपसूक घरची भाषाच निघाली.

"काबरं थांबनी व माय तू? आजून एक फेरी व्हई ना?"

तिने एकदम वर बघितलं. बाईंच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नसावं. म्हणाली, "व्हई. पन मंग काहीच उराव नही."

"नही उरनं ते नही उरनं. काय बिघडस?"

"मंग माय काय खाई?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "घरमा कोन वाढस?"

"मी. माय भाकरी करस, मी वाढस. बाले, काकाले, भाऊले, अन् माले."

"अन् माय?"

"माय मांगून जेवस. जे उरस ते." आणि मग मला समजावत, जसं मी तिला महिनाभर समजावत होते तसं, ती म्हणाली, "बठ्ठं वाटी दिधं ते मायले काय उरी, बाई?"

खालची घंटा झाली. पोरं जिन्यावरून धडधडत वर आली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आलं होतं आणि तिसरीच्या बाईने तिसरीच्या वर्गासमोर रडायचं नसतं.

ती पोर काही चुकत नव्हती. तिच्या घरात भाकरी वाटणारीने शेवटची फेरी थांबवायची असते, हे ती वाढायला लागली त्या दिवसापासून शिकली होती. कुणी शिकवलं नव्हतं, बघून शिकली होती. तेरा भाकरी असल्या की तिचा जीव निवांत, एक उरतेच. बारा असल्या की तिला थांबावं लागे. काकाने अजून मागितली तर ती म्हणत असेल, नाही, संपली. आणि मी तिला रोज म्हणत होते, वाट, सगळं वाटून टाक, निःशेष!

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी माझ्या आईला आठवू लागले. भाकरी थापणारी आई आठवली, वाढणारी आठवली, पातेली घासणारी आठवली. जेवणारी आठवेना. खूप डोकं खाजवलं तेव्हा एकदाच आठवली. चुलीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसलेली, आणि कोपराची हालचाल. तेवढंच. आम्ही बहिणी तिला विचारायचो, "माय, तू जेवनी का?" आणि ती म्हणायची, "जेवनू ना कवयच." आम्हाला खरं वाटायचं. मोठ्या बहिणीला फोन लावून हे सांगावंसं वाटलं, लावलाही, पण बोललो आम्ही दिवाळीच्या अनारशांबद्दलच.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला पहाटेच ठरवलं होतं तसं सांगितलं, "आता नवं गणित. बारा भाकरी. जेवणारे किती?"

"चार."

"माय जेवत नाही का?"

ती बावरली. "जेवस."

"मग जेवणारे किती?"

तिने बोटं धरली. बाप, काका, भाऊ, ती. करंगळीपासून सुरू केलेली मोजणी अंगठ्यापाशी येऊन थांबली. "मायले मोजानं?" असं विचारलं, जणू तळं राखणाऱ्याला विचारतेय, पाणी पिऊ का?

"मोजायचं. वाटप सुरू करायच्या आधीच मोजायचं."

मग तिने वाटलं. मी पाच रेघा मारून पाच ताटं केली होती. पाचव्या ताटापाशी तिचा हात जरा अडखळला, पण बॉबिन पडली. "दोन-दोन. बाकी दोन." बरोबर. मी मुद्दाम पंधरा दिल्या. एक फेरी, दुसरी फेरी, आणि तिसऱ्या फेरीला ती थांबली. माझ्याकडे बघितलं, पाचव्या ताटाकडे बघितलं. तिथे दोन होत्या. मग तिने तिसरी फेरीही वाटली. ओचा रिकामा झाला. तो तिने झटकून दाखवला.

"निःशेष," ती हळूच म्हणाली. आणि पुढे, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी, "कोनीच उपाशी नही."

त्यानंतर मी तिला कुठलंही गणित दिलं की ती आधी विचारायची, "माय धरीसन?" मी म्हणायची, "धरून." छापील गणितात पाच मुले असोत की सहा टोपल्या, तिच्या हिशोबी आई त्यांच्यात बसलेलीच असे. गाडी रुळावर आली असं वाटलं.

आणि तेवढ्यात तिची आई शाळेत आली. हातावर टिकल्या तशाच, डोक्यावर पदर, चेहरा लाल. वर्गाबाहेर मला बोलावून म्हणाली, "बाई, तुम्ही मन्ही पोरले काय शिकाडी दिधं?"

झालं होतं असं. तिचे नणदोई गावाहून आले होते. ज्या आत्याकडे पोरीला ठेवायचं होतं, तिचेच यजमान. पोरीला दिवाळीत न्यायचं पक्कं करायला आलेले. जेवणाची पंगत बसली, आणि पोरीने भाकऱ्यांची टोपली पुढ्यात घेऊन सगळ्यांसमोर मोठ्याने मोजलं. बा, काका, पाहुणे, भाऊ, मी. "माय धरीसन सहा." आणि सहावं ताट मांडून त्यात आईच्या वाट्याच्या भाकरी आधी ठेवून दिल्या. पाहुण्यांनी अजून एक मागितली तर म्हणाली, "ती मायनी शे."

"मी लाजी गऊ, बाई. पावना म्हनतस, आठे ठेवश्यात ते पोर आजून बिघडी. तिन्हा बा काहीच बोलना नही."

मी मनाशी म्हटलं, घ्या! भागाकार शिकवायला गेले आणि पोरीचं गावाचं तिकीट मीच काढलं. बापाची पैज राहिली बाजूला, आता पाहुणाच हटून बसला. मी फक्त जे घडलं ते सांगितलं. ती कुठल्या गणितात चुकायची, का चुकायची, ओच्यात काय धरून बसायची.

ती बाई ऐकत राहिली. ऐकता ऐकता मनगटावरची एक टिकली नखाने खरवडत राहिली. मी म्हटलं, "तुमच्यासाठी ठेवायची ती."

मग तिने पदर सारखा केला आणि एकदम कामाचं विचारावं तसं विचारलं, "एक सांगा, बाई. अशी मोजनी, ते तिन्हं गनित बरोबर येस का?"

"येतं."

"अन् माले नही मोजं ते?"

"चुकतं."

"मंग मोजू द्या," ती म्हणाली. "परीक्षा व्हस तवलोंग मी बसस त्यासनासंगे जेवाले. तिन्हा बाले सांगसू, बाईसनी सांगेल शे म्हनीसन."

आणि ती निघाली. जिन्यात थांबून परत वळली, "फक्त परीक्षालोंग, बाई."

मुलीच्या गणितासाठी ती जेवायला बसायला तयार झाली होती. स्वतःच्या पोटासाठी झाली नसती. मला तिचा राग आला, कौतुक वाटलं, आणि तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली, सगळं एकदमच. पण ती तोवर फाटकाबाहेर गेली होती.

परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका वरून छापून यायची, त्यात माझा हात नव्हता. कागद वाटताना मी भागाकाराचा प्रश्न आधी पाहिला. निम्मी गणितं निःशेष. मी वर्गात फिरत होते, पण माझा जीव तिसऱ्या बाकावर होता. ती ओठ हलवत लिहीत होती. मधेच पेन्सिल खाली ठेवून तिने बोटं मोजली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. अंगठ्यावर आली, मग पेन्सिल उचलली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. ज्यांची मुलं मोठ्या परीक्षांना बसतात त्या आयांचं काय होत असेल, हे मला तिसरीच्या सहामाहीला कळलं.

बाप ठरल्याप्रमाणे आला. पुन्हा चपला बाहेर. मी पेपर त्याच्या हातात दिला. त्याने एकेक गणित बोट फिरवत वाचलं, मनात पाढा म्हणत ताळाही केला असावा, कारण त्याला वेळ लागला. एका ठिकाणी मुलीने बाकीच्या जागी शून्य लिहून पुढे 'निःशेष' असं अक्षरी लिहिलं होतं.

"हाई काय शे, बाई?"

"सगळ्यांना पोचलं," मी म्हटलं.

त्याने पेपर घडी न करता परत दिला. त्याला घरातली नवी पंगत दिसत होतीच, पण तो त्याबद्दल बोलला नाही, मीही नाही. दारात चपला घालताना तो म्हणाला, "पावनाले फोन करी देस. पोर आठेच राही." आणि मग, "चालशे, बाई."

दिवाळीनंतर शाळा उघडली. अर्धा वर्ग गावाहून उशिरा आला, नेहमीसारखा. ती पहिल्या दिवशी हजर. वेण्यांना नव्या रिबिनी, मुठीत माझ्यासाठी शेव बांधलेली पुडी. मी पुडी घेतली आणि मला राहवलं नाही. "परीक्षा तर झाली. माय आता परत मागून जेवते का गं?"

"नही ना," ती म्हणाली. "मी मायले सांगं, चौथीमा बी भागाकार शे."

खोटं काहीच नव्हतं त्यात. चौथीत असतोच भागाकार, आणि तोही मोठा. मी मान डोलवली आणि पुढच्या मुलाची हजेरी घेतली.

ती पुढच्या वर्गांत गेली, तरी मधल्या सुट्टीत जिन्यात भेटे. मी काही विचारायचे नाही, तीच सांगे. पाचवीत, "बाई, अपूर्णांक म्हंजे बी भागाकारच ना?" मी म्हणे, "भागाकारच." सहावीत, "दशांश बी?" "तोही." "मंग सांगी देस मायले," असं म्हणून ती उड्या मारत खाली जाई. सातवी-आठवीनंतर ती दुसऱ्या शाळेत गेली आणि भेट राहिली ती बाजारात, सणावारी.

मागच्या महिन्यात ती घरी आली. आता रिंग रोडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन काढते. अंगावर कुर्ता, बोलण्यात हिंदी, गुजराती, मराठी सगळं खिचडी, पण माझ्याशी बोलायला लागली की पाचव्या वाक्याला अहिराणी. आमच्या ह्यांनी चहा केला. तिने मोबाइलवर एक डिझाइन दाखवलं, काठावर ओळीने मोर. म्हणाली, "बाई, मोर असा बसवायचा की साडीच्या लांबीत पूर्ण मोरच आले पाहिजेत. शेवटी अर्धा मोर उरला की शेठ ओरडतो." आणि हसून, "निःशेष!"

आम्ही शाळेच्या गप्पा मारल्या. आमच्या मजल्यावर आता मराठीची मुलं कमी झाली आहेत, बहुतेक आईबाप इंग्रजीत घालतात. बॉबिनची गोणी कुठे गेली कुणाला ठाऊक. मी तर वर्गातली ती खटखटही आठवून हळवी झाले, जिला मी सगळी नोकरी शिव्या घातल्या.

मग मी विचारलं, "माय कशी आहे?"

"बरी शे. भाऊनं लगीन व्हयनं. आते वहिनी भाकरी करस, मी वाढस."

"आणि माय बसते अजून पंगतीत?"

"बसस ना. वहिनीले बी बसाडतस. आते वहिनी धरीसन मोजनं पडस."

मी तिच्याकडे बघत राहिले. काडीची पोर, आता माझ्याहून उंच. चेष्टेने म्हटलं, "अगं पण तुझ्या परीक्षा तर केव्हाच संपल्या."

ती दारात सँडल घालत होती. पट्टा लावता लावता वर बघून हसली, अगदी तिसऱ्या बाकावरचं हसू.

"हो, बाई," ती म्हणाली. "पन मायले मी आजून सांगेल नही."